दाव्यातील शब्द आणि शेतकऱ्याचे बी

(जालना येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जमिनीच्या खरेदीखतात सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, असे जालना जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारले तर तो चतुःसीमेच्या चार ओळींवर बोट ठेवील. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस नाला, उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस गायरान. खताच्या आरंभी घराण्याचा इतिहास आणि व्यवहाराचे कारण कितीही विस्ताराने लिहिलेले असो, बांधाचे भांडण तहसिलीत गेले की निकाल त्या चार ओळींवरच लागतो. पेटंटाच्या कागदालाही अशाच चतुःसीमा असतात. त्यांना दावे म्हणतात. शोधाचे वर्णन पन्नास पानांचे असेल, त्याला आकृत्या आणि प्रयोगांचे तक्ते जोडलेले असतील. परंतु शोधकाची मक्तेदारी कोठून सुरू होते आणि कोठे संपते, हे शेवटच्या एकदोन पानांवरील क्रमांक घातलेली वाक्ये ठरवितात. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १० मध्ये हेच सांगितले आहे : अर्जातील वर्णनाच्या अखेरीस दावे असलेच पाहिजेत, त्यांनी शोधाची व्याप्ती निश्चित केली पाहिजे, ते स्पष्ट व मोजक्या शब्दांत असले पाहिजेत आणि वर्णनात जे उघड केले आहे त्याच्या आधाराबाहेर त्यांनी जाता कामा नये.

हा विषय वकिलांचा आहे, कार्यकर्त्यांना त्याचे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु जालन्यासारख्या जिल्ह्यात, जेथे बियाणे हाच एक मोठा उद्योग आहे आणि जेथील खरीप कापसाच्या पाकिटापासून सुरू होतो, तेथे दाव्यातील एका शब्दाची किंमत शेतकऱ्याच्या खिशातून जाते. म्हणून हा विषय समजून घ्यावयास हवा.

प्रथम दाव्याचे व्याकरण पाहू. उदाहरणासाठी तिफण घ्यावी. चाडे, त्याला जोडलेल्या नळ्या आणि खाली फण, एवढी तिची रचना. आता असे समजू की एखाद्या कारागिराने चाड्यात दाते असलेले एक लहान चाक बसविले. मुठीने बी सोडण्याऐवजी ते चाक फिरते आणि ठरावीक अंतरावर एकेक दाणा पडतो. त्याला पेटंट हवे आहे. त्याने ‘चाडे, नळ्या व फण असलेले पेरणीचे अवजार’ असा दावा लिहिला तर सीमा अफाट होईल, परंतु दावा टिकणार नाही. कारण त्या सीमेच्या आत पणजोबाची तिफणही येते आणि जे आधीपासून जगात आहे त्यावर पेटंट मिळत नाही. उलट त्याने ‘बाभळीचे चाडे, तीन फण आणि आठ दात्यांचे पितळी चाक असलेले अवजार’ असे लिहिले तर दावा टिकेल, पण निरुपयोगी ठरेल. शेजारचा लोहार लोखंडी चाडे, चार फण आणि नऊ दात्यांचे चाक करील आणि सीमेच्या बाहेर उभा राहील. यातून पहिला नियम निघतो : दाव्यात शब्द जितके वाढतात तितके कुंपण आखडते. प्रत्येक विशेषण ही स्वतःहून सोडून दिलेली जमीन असते.

दुसरा नियम जोडशब्दांचा. ‘अमुक घटक असलेले’ असे म्हटले तर त्या घटकांशिवाय आणखी काहीही जोडलेले अवजार सीमेच्या आत येते. ‘अमुक घटकांनीच बनलेले’ असे म्हटले तर एक अधिक घटक जोडताच अवजार सीमेबाहेर जाते. ‘असलेले’ आणि ‘बनलेले’ या दोन शब्दांत कोट्यवधी रुपयांचे अंतर असू शकते. म्हणून दावा लिहिणाऱ्याचे सगळे कौशल्य, जुन्याला स्पर्श न करता जास्तीत जास्त जागा व्यापणारे वाक्य शोधण्यात असते.

हे केवळ कल्पनेतील नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. त्याच्या दाव्यात सिलिंडरमागे दोन झडपा, तसेच ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, असे शब्द होते. टीव्हीएस कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये आणलेल्या मोटारसायकलीत प्लग दोन होते, पण झडपा तीन होत्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसला मनाई केली; मे २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती मनाई उठविली. दाव्यातील ‘दोन झडपा’ या शब्दांचा भार किती धरावयाचा, हाच वादाचा गाभा होता. अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या पद्धतीवर १९९५ साली दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. तेथे दाव्याची सीमा आजीच्या बटव्यापर्यंत पोहोचली होती. बासमतीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. राइसटेक कंपनीला १९९७ मध्ये २० दावे मिळाले. भारताने त्यांपैकी काहींना आव्हान दिले आणि अखेरीस बहुतेक दावे गळून पडले. पेटंट रद्द झाले नाही. मात्र ते कंपनीने स्वतः तयार केलेल्या विशिष्ट वाणांपुरते उरले. कागद तोच, क्रमांक तोच, आणि जमीन मात्र एकराची गुंठ्यावर आली.

आता आपल्या गावाकडे वळू. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. एका व्यापारी गावाचे रूपांतर देशाच्या बियाण्यांच्या राजधानीत होण्यास या कंपनीचा आणि तिच्यासाठी बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्यांचा व मजूर स्त्रियांचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १९९८ मध्ये मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीने महिकोत भांडवल घातले आणि दोघींची महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही संयुक्त कंपनी निघाली. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाच्या लागवडीस केंद्राची परवानगी मिळाली. पहिले तीन वाण महिकोचेच होते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक कपाशीत घालून बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार व्हावे, ही ती युक्ती. २००६ मध्ये दोन जनुकांचा दुसरा प्रकार, बोलगार्ड दोन, बाजारात आला.

येथे एक वस्तुस्थिती प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावयास हवी. एका जनुकाच्या पहिल्या प्रकारावर भारतात पेटंट नव्हते. तरीही २००५ च्या सुमारास ४५० ग्रॅमच्या सुमारे १६०० रुपयांच्या पाकिटात सुमारे १२५० रुपये गुण-शुल्काचे होते. हे शुल्क संयुक्त कंपनीने बियाणे कंपन्यांशी केलेल्या करारांतून येत होते. म्हणजे चतुःसीमाच नसलेल्या जमिनीचा खंड वसूल होत होता. आंध्र प्रदेश सरकारने २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. महाराष्ट्रानेही २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या विक्रीचे व किंमतनिश्चितीचे नियमन करणारा कायदा केला.

दुसऱ्या प्रकारावर मात्र पेटंट होते : क्रमांक २१४४३६, दिनांक ४ नोव्हेंबर १९९९. याचे दावे वाचण्यासारखे आहेत. मूळ अर्जात वनस्पती आणि बी यांवरही दावे होते. पेटंट कार्यालयाने कायद्यातील कलम ३ (जे) कडे बोट दाखविले. २००२ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम सांगते की वनस्पती व प्राणी, त्यांचा कोणताही भाग, तसेच बी, वाण व जाती, आणि मूलतः जैविक असलेल्या प्रक्रिया यांना शोध मानता येणार नाही. सूक्ष्मजीव तेवढे वगळले आहेत. तेव्हा ते दावे गेले आणि २७ उरले. पहिले २४ पद्धतीचे. २५ ते २७ हे जनुकीय क्रमाचे. पंचविसाव्या दाव्याचा आशय असा : एक प्रवर्तक तुकडा, त्याला जोडलेला हरितकणासारख्या पेशीअंगात प्रथिन पोहोचविणारा तुकडा, आणि त्याला जोडलेला क्राय-२-एबी या विषारी प्रथिनाचा तुकडा यांचा समावेश असलेला जनुकीय क्रम. ‘समावेश असलेला’ हा शब्द येथे पुन्हा भेटतो. दाव्यात कापूस नाही, झाड नाही, बी नाही. पण हा क्रम ज्या बियात असेल त्या बियाचे काय?

याच प्रश्नावर मोन्सॅन्टो आणि नुजिवीडू सीड्स यांच्यात दिल्ली उच्च न्यायालयात २०१६ मध्ये दावा उभा राहिला. त्यांच्यातील उपपरवान्याचा पहिला करार २००४ चा. शुल्काच्या वादातून नोव्हेंबर २०१५ मध्ये संबंध तुटले. कंपनीचे म्हणणे असे की हा क्रम प्रयोगशाळेत माणसाने रचलेला आहे, निसर्गात तो या रूपात आढळत नाही, तो वनस्पतीही नाही आणि तिचा भागही नाही. म्हणून कलम ३ (जे) त्याला लागू होत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की प्रयोगशाळेच्या नळीत या क्रमाचा शेतीला काहीच उपयोग नाही. तो झाडात गेला की झाडाचाच भाग होतो, आणि तेथून पुढे एका वाणातून दुसऱ्या वाणात तो संकराने, परागकणांच्या मार्गाने, म्हणजे जैविक प्रक्रियेनेच जातो. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, म्हणूनच निकाल फिरत राहिले. २८ मार्च २०१७ रोजी एकल न्यायाधीशांनी पेटंट तूर्त ग्राह्य धरून करार चालू ठेवण्याचा व शुल्क सरकारी दराने घेण्याचा अंतरिम आदेश दिला. ११ एप्रिल २०१८ रोजी खंडपीठाने २५ ते २७ हे दावे कलम ३ (जे) खाली अवैध ठरविले आणि वाणसंरक्षणाच्या कायद्याचा रस्ता दाखविला. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, इतका गुंतागुंतीचा प्रश्न तज्ज्ञांचा पुरावा घेतल्याशिवाय निकालात काढता येणार नाही म्हणून, खंडपीठाचा निर्णय बाजूला सारला आणि दावा परत पाठविला. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेटंटाची वीस वर्षांची मुदत संपली. मार्च २०२१ मध्ये, मोन्सॅन्टो विकत घेतलेली बायर कंपनी आणि नुजिवीडू यांनी आपसांत तडजोड केली. साक्षीपुरावा होऊन निकाल लागलाच नाही.

या तडजोडीत शेतकरी कोठे होता? दोन मोठ्या कंपन्यांनी बांध कोठे घालावयाचा यावर भांडावे, आणि शेवटी बांध न घालताच हातमिळवणी करावी. ज्याच्या रानात तो बांध पडणार त्याला विचारण्याची गरज दोघांनाही भासली नाही. ‘बियात शिरलेल्या जनुकावरचा हक्क बियावर चालतो काय’ हा प्रश्न भारतीय कायद्यात आजही उघडा आहे.

परदेशांत याची उत्तरे परस्परविरुद्ध आली आहेत. कॅनडात उच्च प्रतीच्या सजीवावर पेटंट देता येत नाही. पण पर्सी श्मायझर या शेतकऱ्याच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली, पाच विरुद्ध चार मतांनी, असे ठरविले की दावा जनुकावर व पेशीवर असला तरी त्या पेशींचे झाड वाढविणे हा त्या शोधाचा वापरच होय. पुढच्या दाराने नाकारलेले झाड मागच्या दाराने सीमेत आले. उलट २०१० मध्ये युरोपच्या न्यायालयाने, अर्जेंटिनातून आलेल्या सोयाबीनच्या पेंडीत मोन्सॅन्टोचे जनुक सापडले तरी ते तेथे आपले कार्य करीत नाही, म्हणून पेंडीवर हक्क चालत नाही, असा निर्णय दिला. शब्द तेच असले तरी ते कोणत्या बाजूने वाचावयाचे हे समाजाने ठरविलेल्या धोरणावर अवलंबून असते.

आपले धोरण कोणते होते? न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून १९७० चा कायदा आला आणि तो १९७२ पासून अमलात आला. औषध व अन्न यांच्या वस्तूवर पेटंट नाही, केवळ पद्धतीवर, ही त्याची मुख्य तरतूद. ‘वस्तू’ आणि ‘पद्धत’ या एका भेदावर भारताचा स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये तो भेद गेला. परंतु कलम ३ मधील काही बंधारे शिल्लक राहिले. ३ (डी) ने २०१३ मध्ये नोव्हार्टिसच्या कर्करोगावरील औषधाचा दावा अडविला. ३ (जे) हा शेतीचा बंधारा आहे. त्याच्या जोडीला २००१ चा वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचाही हक्क दिला आहे, केवळ ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. पेटंट कायद्यात मात्र शेतकऱ्याला अशी सूट देणारे कलम नाही. म्हणून जनुकावरचा दावा बियापर्यंत पोहोचला तर एका कायद्याने दिलेले दुसरा कायदा काढून घेऊ शकतो. ३ (जे) चा अर्थ कसा लावला जातो याला एवढे महत्त्व आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दावे पाडले म्हणजे शेतकरी मुक्त झाला, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ च्या किंमत नियंत्रण आदेशानंतर बोलगार्ड दोनचे शुल्क २०१६ मध्ये सुमारे १६३ रुपयांवरून ४९ वर, २०१८ मध्ये ३९ वर, २०१९ मध्ये २० वर आणले आणि २०२० मध्ये ते शून्य केले. त्या वर्षी पाकिटाची कमाल किंमत ७३० रुपये होती. शुल्क शून्य असूनही २०२४ मध्ये ती ८६४ आणि २०२५ मध्ये ९०१ रुपये झाली. याचे एक कारण वाढता बीजोत्पादन खर्च आहे, हे खरे. पण मूळ कारण असे की भारतात बीटी कापूस बहुतांशी संकरित बियातूनच आला. संकराचे बी राखून पेरले तर पुढच्या पिढीत गुण फाटतात. दरवर्षी दुकानात जाण्याची सक्ती येथे झाडाच्या प्रकृतीतच घातलेली आहे. ती सक्ती कोणत्याही कार्यालयात नोंदवावी लागत नाही आणि वीस वर्षांनी तिची मुदतही संपत नाही. शिवाय ज्या गुणासाठी पैसे मोजले तो गुणही टिकला नाही. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीची बोंडे आतून पोखरली गेली.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढची कामे स्पष्ट आहेत. पहिले काम वाचनाचे. पेटंटाचा अर्ज आपल्याकडे इंग्रजीत वा हिंदीत करावा लागतो. ज्याच्या रानावर त्याचा परिणाम होतो त्या मराठी शेतकऱ्याला त्याची चतुःसीमा त्याच्या भाषेत कोणी सांगत नाही. बियाणे, खते, कीटकनाशके आणि अवजारे यांसंबंधीच्या महत्त्वाच्या दाव्यांचा मराठी सारांश करणे महाविद्यालयातील विज्ञानाच्या शिक्षकांना व कायद्याच्या विद्यार्थ्यांना कठीण नाही. हे दावे सार्वजनिक असतात आणि फुकट पाहावयास मिळतात. दुसरे काम हरकतीचे. पेटंट देण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीला हरकत घेता येते, ही कलम २५ मधील तरतूद लोकशाहीला शोभणारी आहे. २०२४ च्या नियमांनी अशा हरकतीवर शुल्क लावले आणि ती दाखल करून घ्यावी की नाही याचाही निर्णय अधिकाऱ्याच्या हाती दिला. दार बंद झालेले नाही, पण उंबरा उंच केला आहे; तो पुन्हा खाली आणण्याची मागणी झाली पाहिजे. तिसरे काम ३ (जे) च्या राखणीचे. २०२५ च्या मे महिन्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. उद्या अन्य पिकांत हे तंत्र येईल आणि नवे दावे लिहिले जातील. ‘झाडावर दावा नाही, केवळ क्रमावर आहे’ हा युक्तिवाद तेव्हा पुन्हा ऐकू येईल.

चौथे काम सर्वांत कठीण, सार्वजनिक बियाण्याचे. ‘नांदेड ४४’ हा वाण एकेकाळी या भागातील कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार होता आणि तो परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रातून आला होता. त्याच केंद्राने अलीकडच्या वर्षांत सरळ वाणांत बीटी गुण आणले आहेत. सरळ वाणाचे बी शेतकरी राखू शकतो. अशा वाणांचे बी महाबीजने वेळेवर व पुरेसे द्यावे, जालना, अंबड, भोकरदन, घनसावंगी या तालुक्यांत ते मृग नक्षत्रापूर्वी पोहोचावे, यासाठी दरवर्षी फेब्रुवारीतच मागणीच्या याद्या गावागावांतून तयार झाल्या पाहिजेत. दाव्याच्या शब्दांवर न्यायालयात लढावे लागेल तेव्हा लढूच. परंतु ज्या शेतकऱ्याच्या कणगीत स्वतःचे बी आहे, त्याच्यापुढे कंपनीच्या वकिलाचे बळ निम्मे उरते. यंदाच्या याद्यांचे काम या वर्गातून उठल्याबरोबर सुरू व्हावे.